मजुराचा कुलवृत्तान्त

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या फडताळांत कापडी बांधणीचा एक तरी कुलवृत्तान्त असेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या समाजांत या ग्रंथांची जणूं लाटच आली होती. घराण्यांतील एखादे पेन्शनर गृहस्थ पुढाकार घेत, गांवोगांव पत्रें धाडीत, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून नांवें उतरून आणीत, इनामाच्या सनदा व निवाडपत्रें जुळवीत. आणि वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर मूळपुरुषापासून नुकत्याच पाळण्यांत घातलेल्या बाळापर्यंत सर्व मंडळी एका वंशवृक्षावर येऊन बसत. त्या वृक्षांत स्वतःचें नांव हुडकण्याचा मुलांस मोठा छंद असतो, आणि तें सांपडल्यावर त्यांस होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. हें काम कष्टाचें खरें. परंतु त्याचें साहित्य आधींपासून सिद्ध होतें हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. ज्याच्याजवळ जमीन, वतन अथवा वृत्ति, त्याच्याजवळ कागद. आणि ज्याच्याजवळ कागद, त्याच्याजवळ पूर्वज! ज्याच्याजवळ केवळ दोन हात होते, त्याचा पणजा कोण, हें कोणीं कोठें लिहून ठेविलें आहे काय?

हा प्रश्न आम्ही निव्वळ जिज्ञासेपोटीं विचारीत नाहीं. पणज्याचें नांव ठाऊक नसलें तरी तुमचें-आमचें कांहीं अडत नाहीं. ज्यांचें अडतें अशीं घरें आपल्याच प्रांतांत सहस्रावधि आहेत, आणि तीं प्रायः मजुरांचीं आहेत.

समजा, किनवट तालुक्यांतील एका गोंड शेतमजुराची मुलगी बारावीच्या परीक्षेंत उत्तम गुण मिळवून वैद्यकीय विद्यालयांत राखीव जागेवर प्रवेश घेऊं इच्छिते. तिला जमातीचें प्रमाणपत्र लागतें, आणि तें पडताळणी समितीकडून वैध ठरवून घ्यावें लागतें. महाराष्ट्राच्या २००१ सालच्या तेविसाव्या कायद्यान्वयें आपण अमुक जमातीचे आहों हें सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावरच टाकलेला आहे. अनुसूचित जातींकरितां १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींकरितां ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींकरितां २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांकरितां १३ ऑक्टोबर १९६७ अशा तारखा ठरलेल्या आहेत. त्या दिवसांच्या पूर्वींचे वाडवडिलांचे कागद समितीपुढें ठेवावे लागतात. ते न मिळाले आणि दावा फेटाळला गेला, तर मिळालेला प्रवेश जातो, नोकरी जाते, संपादन केलेली पदवीहि रद्द होऊं शकते. लबाडीनें दुसऱ्याची जागा बळकावणाऱ्यास आळा घालण्याकरितां असा कायदा हवा, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पण खऱ्या गोंडाच्या मुलीनें पणज्याचा कागद कोठून आणावा, याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत नाहीं. तें आपणच धुंडाळलें पाहिजे.

किनवटचें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतलें, कारण तेथें ही अडचण दुहेरी आहे. आज हा तालुका नांदेड जिल्ह्यांत मोडतो. पैनगंगेचें खोरें, सागवानाचें दाट अरण्य, जवळच रेणुकामातेचें माहूर आणि उनकेश्वरचे उष्ण झरे, असा हा रमणीय मुलूख. गोंड, कोलाम, आंध, प्रधान आणि बंजारा यांची येथें जुनी वस्ती. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत किनवट नांदेडांत नव्हतें. तें निजामाच्या व पुढें हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होतें. त्या दिवशीं राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यांत आले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशांत गेलें. १९६० सालीं मुंबई राज्याचें महाराष्ट्र झालें, २०१४ सालीं पलीकडे तेलंगण झालें. किनवटच्या एखाद्या म्हाताऱ्यानें आपली झोपडी कधीं सोडली नसेल, तरी त्याच्या हयातींत त्याचें राज्य तीन वेळां पालटलें! आतां सप्टेंबर १९५० पूर्वींचा कागद म्हणजे हैदराबादी अमदानींतला कागद. तालुका अलीकडे आला, जिल्ह्याचें ठिकाण पलीकडे राहिलें, आणि निजामी राजवटीचें मध्यवर्ती दप्तर हैदराबादेंत तारनाका येथील पुराभिलेखागारांत आहे. ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाहीं, त्यानें एवढी पायपीट करावी अशी अपेक्षा आहे.

या बाबतींत इंग्लंडमधील मजुराचा नातू अधिक भाग्यवान्. तेथें आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानें १५३८ सालीं आज्ञा काढली, कीं प्रत्येक गांवच्या चर्चनें बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची वही ठेवावी. उमराव असो वा गुराखी, जन्मास आला कीं पाद्र्याच्या वहींत त्याची एक ओळ होणारच. १८३७ सालापासून सरकारी जन्ममृत्युनोंद सुरू झाली. १८४१ पासून खानेसुमारींत घरोघरच्या माणसांचीं नांवें लिहिलेलीं कागदपत्रें जपलेलीं आहेत. १८५१ पासून प्रत्येकाचें जन्मग्रामहि तींत सांपडतें. हीं पुस्तकें शंभर वर्षें मिटलेलीं असतात, मग जनतेस खुलीं होतात. १९२१ ची खानेसुमारी २०२२ च्या जानेवारींत उघडली, तेव्हां कोळशाच्या खाणींत राबणाऱ्यांचीं पणतवंडें आपापल्या पूर्वजांस भेटण्यासाठीं तिच्यावर तुटून पडलीं. (१९३१ ची मात्र त्यांना कधींच भेटणार नाहीं, ती १९४२ च्या एका आगींत भस्म झाली.) आपल्याकडे गोमंतकांतील ख्रिस्ती रेंदेर व खारवी यांना अशा वह्यांचा लाभ आहे, कारण ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं कॅथलिक चर्चांना विवाह-बाप्तिस्म्यांची नोंद बंधनकारक केली होती. मराठवाड्यांतहि जालन्याजवळ बेथेल नांवाची एक ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकांत उभी राहिली. ती वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्मानें ब्राह्मण होते, आणि तेथें आलेलीं बहुतेक कुटुंबें त्या काळीं अस्पृश्य गणलेल्या जातींतलीं होतीं. गांवकुसाबाहेरच्या माणसाचें नांव पाटलाच्या वहीआधीं पाद्र्याच्या वहींत चढण्याचा योग तेथें आला. पण ही वाट मूठभरांची. किनवटच्या अरण्यांतील मजुरास चर्चहि नाहीं आणि त्याची वहीहि नाहीं.

मग खानेसुमारी? ती आपल्याकडेहि झाली. निजामाच्या राज्यांत पहिली खानेसुमारी १८८१ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबरच झाली, आणि नंतर दर दहा वर्षांनीं होत गेली. मोजणीदार झोपडी-झोपडीस गेला, नांव, वय, जात, धंदा विचारून त्यानें तें लिहूनहि घेतलें. घोडें पेंड खातें तें पुढें. आकडे काढून झाले, कोष्टकें छापलीं गेलीं, आणि माणसांच्या नांवांच्या त्या याद्या व चिठ्ठ्या निरुपयोगी म्हणून नष्ट करण्यांत आल्या. १९४८ च्या कायद्यानें तर खानेसुमारीचीं मूळ पुस्तकें कोणास पाहण्यास देऊं नयेत व पुराव्यासहि तीं धरूं नयेत असेंच ठरविलें. त्या बंधनामागें हेतु चांगला आहे. सरकारास दिलेली माहिती आपल्यावरच उलटेल या भीतीनें लोक खोटें सांगूं नयेत हा. पण शंभर वर्षांनीं उघडण्यास कांहींच शिल्लक न ठेवणें ही निराळी गोष्ट झाली.

तरीसुद्धां छापील कोष्टकें अगदींच मुकीं आहेत असें मात्र नव्हे. १८९१ सालीं हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारें एक कोटि पंधरा लक्ष होती. १९०१ सालीं ती एक कोटि अकरा लक्षांवर उतरली. मधल्या दशकांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. वाढावयास हवी ती संख्या चार लाखांनीं घटली, यांत मेले कोण आणि परागंदा झाले कोण, हें सांगावयास नको. आपल्या मजूर कुटुंबाची आठवण पणज्यापाशीं येऊन एकाएकीं तुटते असें कोणी सांगूं लागला, म्हणजे आम्ही प्रथम या दोन आकड्यांकडे बोट दाखवितों. दुसरें असें, कीं कोणत्या सालीं कोणत्या जातीजमातीचें नांव कसें लिहिलें जात होतें व ती कोठें आढळत होती, हें याच अहवालांतून कळतें. जातवार मोजणी शेवटची झाली ती १९३१ सालीं. निजामच्या राज्यांतील तिचे प्रमुख गुलाम अहमद खान हे होते. त्यांचा अहवाल आणि सय्यद सिराज उल हसन यांचा १९२० सालचा निजामी मुलखांतील जातीजमातींवरील ग्रंथ हीं दोन पुस्तकें या कामांत जवळ असावीं. माणूस त्यांत सांपडत नाहीं. माणूस शोधण्याची दिशा सांपडते. जात पुन्हा मोजण्याचें भारत सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें आहे. तेव्हां पुढच्या शतकांतील शोधकांनीं आमच्यापेक्षां अधिक अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी.

खानेसुमारीनें नांवें राखलीं असा एकच प्रसंग या देशांत घडला. १९५१ सालीं मोजणीच्या चिठ्ठ्यांवरून गांवोगांवच्या कुटुंबांचीं नांवें उतरून नागरिकांचें राष्ट्रीय रजिस्टर तयार करण्यांत आलें. आसामांतील प्रकरणामुळें तें पुढें देशभर गाजलें. पण तें केवळ आसामचें नव्हतें. महाराष्ट्राच्या महसुली दप्तरांतहि हीं रजिस्टरें आहेत, आणि अलीकडे सरकारी शोधकांनीं जीं पुस्तकें चाळलीं त्यांच्या यादींत त्यांचें नांव आवर्जून घेतलेलें आहे. आपल्या गांवचें रजिस्टर तहसिलींत टिकलें आहे काय, हा किनवटच्या मजुराचा पहिला प्रश्न असला पाहिजे. सप्टेंबर १९५० ची तारीख त्यानें गांठतां येत नाहीं, हें खरें. परंतु १९५१ सालीं आजोबा कोणत्या गांवीं, कोणाच्या घरांत, किती वयाचे होते एवढें कळलें, तर मागची पायरी चढण्यास कठडा मिळतो.

त्या मागच्या पायऱ्या कोणत्या? येथें एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. सधन माणूस दप्तरांत येतो तो कांहींतरी घेतांना, म्हणजे इनाम, वारसा, खरेदीखत घेतांना. निर्धन माणूस येतो तो कांहींतरी जातांना. तो मरतो तेव्हां कोतवालाच्या पुस्तकांत येतो. गांव नमुना चौदा म्हणतात तो हाच, आणि जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांत जातीसह असतात. तो कर्ज काढतो तेव्हां सावकाराच्या खातेवहींत येतो, भांडतो अथवा रानांतलें लांकूड तोडतो तेव्हां पोलिसाच्या पुस्तकांत येतो, आणि तुरुंगांत जातो तेव्हां कच्च्या कैद्यांच्या नोंदवहींत येतो. अब्रूदार माणसानें जे कागद जाळून टाकावे, तेच येथें पणतीच्या उपयोगीं पडतात! निजामी मुलखांत आणखी एक कागद होता. कर्जापोटीं धन्याच्या घरीं राबणाऱ्या गड्यास तेलंगणाकडे भगेला म्हणत. आपल्या सालगड्याहून त्याची स्थिति पुष्कळच वाईट असे, कारण कर्ज फिटतच नसे व बापाचें ओझें लेकाच्या पाठीवर येई. निजाम सरकारनें १९३६ सालीं या करारांना कायद्याचा लगाम घातला, आणि करार लेखी असावा अशी अट घातली. धन्यांनीं ती कितपत पाळली तें ठाऊक असणारे ओळखतीलच. तथापि जेथें असा कागद झाला, तेथें गड्याचें नांव, बापाचें नांव आणि गांव हीं त्यांत आलींच पाहिजेत.

जमीन कसणाऱ्याचें काम जरा सोपें. हैदराबाद राज्यांत १९५४-५५ सालीं झालेली खासरा पाहणी प्रसिद्ध आहे; शेताचा मालक कोण आणि प्रत्यक्ष कसतो कोण हें तींत लिहिलें गेलें, त्यामुळें मालकीचा तुकडा नसलेलें कुळहि कधींकधीं त्या रकान्यांत दिसून येतें. आदिलाबाद जिल्ह्याच्या गोंडांना याच्याहि दहा वर्षें आधींचा कागद मिळण्याचा संभव आहे, आणि त्यामागें एक मोठें दुःख आहे. जंगलाच्या हद्दी आंखल्या गेल्या, बाहेरच्यांनीं जमिनी लाटल्या, आणि कोमरम भीम नांवाच्या गोंड पुढाऱ्यानें हत्यार उचललें. १९४० सालीं जोडेघाटच्या डोंगरांत तो पोलिसांच्या गोळ्यांनीं पडला. त्यानंतर सरकारचे डोळे उघडले. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास जिल्ह्यांत पाठविण्यांत आलें, त्याच्या शिफारशींवरून गोंडांना जमिनीचे पट्टे मिळूं लागले, आणि १९४३ सालीं मारलावाई येथें गोंड शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली. गोंडी भाषेचीं क्रमिक पुस्तकें त्या वेळीं देवनागरींत छापलीं गेलीं, हें वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. आम्हांस येथें महत्त्वाचें एवढेंच, कीं पट्टा म्हटला कीं नांव आलें, शाळा म्हटली कीं दाखल्याची वही आली. आणि समितीपुढें शाळेच्या वहीस मोठा मान असतो. त्या वहींतहि खांचखळगे आहेत. जातीच्या रकान्यांत गुरुजींनीं नुसतें ‘हिंदु’ लिहिल्याचीं उदाहरणें पुष्कळ. त्या एका शब्दामुळें नातवंडांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील हें त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नींहि नव्हतें.

कागद हातीं आला तरी तो वाचणार कोण? हैदराबाद राज्याची दरबारी भाषा आधीं फारसी होती, १८८४ च्या सुमारास ती उर्दू झाली. खेड्यांतील पटवाऱ्याचें लेखन मराठवाड्यांत बहुधा मोडींत चाले. मजुरास आडनांव असा प्रकारच कागदांत नसे. ‘पुंजा वल्द भीमा, कौम गोंड, पेशा मजदूरी, साकिन’ आणि मग गांवाचें नांव, अशा धाटणीची ती नोंद असते. वल्द म्हणजे बापाचें नांव, कौम म्हणजे जात, पेशा म्हणजे धंदा, साकिन म्हणजे राहणार. स्त्रीचें नांव आलेंच तर ‘जौजे अमुक’ म्हणजे अमुकाची बायको असें येतें. तिचा बाप, तिचें माहेर यांचा पत्ता नाहीं. आमच्या भगिनींना यांत नवल वाटणार नाहीं. छापील कुलवृत्तान्तांतहि त्यांची वास्तपुस्त याहून फारशी बरी घेतलेली नसते. उर्दू लिपींत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहींत, म्हणून पुंजा, पिंजा व पंजा हीं एकाच अक्षरांनीं लिहिलीं जातात, आणि वाचणारा परगांवचा असला कीं पूर्वजाचें बारसें पुन्हा होतें. जमातींच्या नांवांवरहि हाच प्रसंग येतो, आणि मग त्यावरून न्यायालयांत वर्षें जातात.

तारीख हें दुसरें कोडें. ती फसली सनांत असते. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं आजर महिन्यानें सुरू होई. पुढें दै, बहमन, इस्फंदार, फरवरदी, अर्दिबेहेस्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर आणि आबान. आजरपासून डिसेंबर सरेपर्यंत फसली सनांत ५९० मिळवावे, पुढील महिन्यांत ५९१ मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. खुर्दाद १३४५ म्हणजे १९३६ चा उन्हाळा. ही रीत ठाऊक नसल्यामुळें हातांतला १३५८ सालचा कागद पाहून ‘हा तर चौदाव्या शतकांतला’ म्हणून हंसणारे कारकूनहि असूं शकतात, म्हणून ती येथें दिली.

कागदांनीं हात टेकले म्हणजे गोंडांच्या घरीं एक दुसरें दप्तर आहे, ज्याला वाळवी लागत नाहीं. प्रधान हे गोंडांचे भाट. कीकरी नांवाचें तंतुवाद्य हातीं घेऊन यजमान घराण्याच्या देवतेची व पूर्वजांची कथा गाणें हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. चार, पांच, सहा व सात देवांचे असे गोंडांचे चार मोठे विभाग आहेत. त्यांतील कोणतें कूळ कोणत्या विभागांत, आणि सोयरीक कोठें चालते, कोठें चालत नाहीं, हें प्रधानास मुखोद्गत असतें. आपल्या गोत्रप्रवरांची व्यवस्था ज्यांना परिचित आहे त्यांस याचें महत्त्व सांगावयास नको. सात देवांच्या मेश्राम कुळाची चाल तर विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पौषाच्या अमावास्येस आदिलाबाद जिल्ह्यांतील केसलापूर येथें नागोबाची जत्रा भरते. वर्षभरांत लग्न होऊन कुळांत आलेल्या सुना तेथें आणून देवास भेटविल्या जातात, आणि ती भेट झाल्यावरच सून कुळाची झाली असें मानतात. इंग्लंडांतील पाद्री जें वहींत लिहून करीत असे, तें येथें देवासमोर उभें राहून होतें. बंजाऱ्यांच्या तांड्यांवरहि ढाडी येऊन वंशावळी गातात. (बंजाऱ्यांची आणखी एक गोष्ट: तेलंगणांत ते १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमातींत आहेत, महाराष्ट्रांत विमुक्त जातींत. सख्ख्या भावांपैकीं एक किनवटास आणि एक आदिलाबादेस राहिला, तर दोघांची यादी निराळी.)

प्रधानाचें गाणें पडताळणी समितीपुढें पुरावा म्हणून ठेवतां येत नाहीं, हें उघड आहे. पण त्यांतून गांवांचीं नांवें मिळतात, कुळाच्या शाखा कोठें पांगल्या तें कळतें, आणि कोणत्या गांवची कोतवालवही मागावी हें ठरवितां येतें. चुलतआजोबाचा कागद सांपडला आणि त्याच्याशीं रक्ताचें नातें वंशावळीनें जुळलें, तरी काम होतें. २४ मार्च २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं महाराष्ट्रांतीलच एका प्रकरणांत सांगितलें, कीं जमातीच्या चालीरीति अर्जदारास ठाऊक आहेत कीं नाहींत ही कसोटी अखेरची नव्हे, आणि संविधानापूर्वींच्या कागदांस सर्वांत अधिक वजन द्यावें. निर्णय योग्यच झाला. शहरांत वाढलेल्या मुलाला देवाची पूजा कशी करतात हें विचारून त्याचें कूळ ठरविणें हा प्रकार आम्हांस कधींच रुचला नव्हता. मात्र त्यामुळें कागदाचें मोल आणखीच वाढलें.

मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांस आज जें महत्त्व आलें आहे तें मात्र निराळ्या कारणानें. मराठा समाजाच्या आरक्षणाच्या चळवळीनंतर सप्टेंबर २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली; कुणबी अशी नोंद असलेले जुने कागद शोधण्याचें काम तिला दिलें. खासरा पत्रकें, जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांचीं रजिस्टरें, कारागृहाचीं व पोलिसांचीं पुस्तकें, दस्तनोंदणीचीं दप्तरें, सर्व उलथलीं गेलीं. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकीं मागणी आली. हजारों पानांचीं छायाचित्रें जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढलीं. २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैदराबाद गॅझेटियरविषयींचा शासननिर्णयहि निघाला. त्या वादांत शिरण्याचें या सदराचें प्रयोजन नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं हा एवढा शोध एका शब्दासाठीं झाला. पान उघडलें, ‘कुणबी’ दिसलें तर टिपलें, न दिसलें तर पान उलटलें. त्याच पानावर खालच्या ओळींत एखादा गोंड, एखादा मांग, एखादा आंध आपल्या बापाच्या नांवासह उभा होता; त्याची कोणीं दखल घेतली नाहीं. मोडी वाचणारा एकदां बसलाच आहे, तर पानावरील प्रत्येक नांव त्यानें उतरावें आणि गांववार सूची करून तहसिलींत ठेवावी. खर्च थोडा वाढेल, परंतु तीच पानें दहा वर्षांनीं पुन्हा उघडण्याचा खर्च वांचेल.

आणि आतां आमच्या वाचकांकडे येतों. मराठवाड्यांतील हे कागद लिहिले कोणीं? बहुतेक ठिकाणीं पटवारी अथवा कुळकर्णी आपल्याच समाजांतला होता. सावकारी, वकिली व मास्तरकीहि बऱ्याच प्रमाणांत आपल्याच घरांत होती. वतनें गेलीं, शेती गेली, मंडळी पुण्यास, हैदराबादेस, छत्रपती संभाजीनगरास जाऊन राहिली. पण जुन्या वाड्याच्या माळ्यावर तांबड्या रुमालांत बांधलेलें दप्तर कित्येक घरीं अद्याप पडून आहे. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव असे माळे धुंडाळीत हिंडले व त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. त्यांना पेशव्यांचीं आणि सरदारांचीं पत्रें हवीं होतीं. कुळांच्या याद्या, बिगारीचे हिशेब, धान्याच्या उसनवारीच्या चिठ्ठ्या यांना तेव्हां कोण विचारतो! आज ज्यांचा शोध चालला आहे त्यांचीं नांवें नेमकीं याच कपट्यांत आहेत. वाडा विकतांना हें दप्तर रद्दीवाल्याच्या तराजूंत जातें, आणि त्याचे पैसे भाजीच्या पिशवीइतकेहि येत नाहींत.

म्हणून ज्यांचे वडील अथवा आजोबा नांदेड, किनवट, माहूर, हदगांव, आदिलाबाद या भागांत पटवारी, वकील, सावकार अथवा शिक्षक होते, त्यांनीं येत्या सुटींत माळा एकवार पाहावा अशी आमची विनंती आहे. रुमाल सांपडल्यास कागद झटकून उन्हांत पसरूं नयेत, शाई उडते. गांठी सोडल्यावर जो क्रम असेल तोच ठेवावा, कारण वर्षाचा आंकडा पहिल्याच पानावर असतो आणि पुढचीं पानें त्याच्या आधारानेंच ओळखावीं लागतात. चिकटपट्टी लावूं नये. प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन गांवाचें नांव त्यावर लिहावें. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा छत्रपती संभाजीनगर येथें आहे, आणि पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. कागद द्यावयाचे नसतील तर निदान तेथें जाऊन ते दाखवावे. सावकारीचे कागद दाखविण्यास कांहीं घरीं संकोच वाटेल, हें आम्ही जाणतों. ती वसुली आज कोणी मागणार नाहीं; खातेवहींतील देणेकऱ्याचें नांव तेवढें मागतील. रुमालांत मोडीबरोबर उर्दू कागदहि निघाले, तर ते वेगळे काढून फेकूं नयेत. आदिलाबादचा तालुका असतांना किनवटच्या कचेरींतून जें खेड्यांत आलें, तें त्याच लिपींत आहे.